स्टार्ट नसलेला रिमोट

वसतिगृहात राहायला येताना मुली काय काय आणतात, याचा रेक्टर बाईंना बावीस वर्षांचा अनुभव होता. चादरीत गुंडाळलेल्या शेगड्या त्यांनी पकडल्या होत्या, उशीच्या अभ्र्यातली इस्त्री पकडली होती, आणि एकदा तर एका दप्तरातून म्यांव असा आवाज आल्यावर मांजरसुद्धा जप्त केलं होतं. पण लोखंडी पेटी भरून व्हिडिओ गेम घेऊन आलेली मुलगी त्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

"हे काय आहे?"

"गेम आहेत मॅडम. जुने. टीव्हीला लावून खेळायचे."

"आणि पुस्तकं?"

"ती बॅगेत आहेत."

"म्हणजे आणली आहेत. उपकार झाले," बाई म्हणाल्या आणि सामानाच्या रजिस्टरात 'खेळणी, एक पेटी' अशी नोंद करून त्यांनी अरिबाची सही घेतली.

अरिबाने ती सही इतक्या घाईत केली की पेन कागदात रुतलं. पेटी परत न्यायला सांगतात की काय, याच धास्तीत ती हडपसरपासून कोथरूडच्या पलीकडच्या या टोकापर्यंत, दोन बस बदलून आली होती. फाटकावरच्या गेनबांनी पेटीची एक कडी धरली आणि दोघांनी मिळून ती दुसऱ्या मजल्यावर चढवली. "दगड भरल्यात का काय पोरी?" एवढं एकच गेनबांनी विचारलं, तेही जिना संपल्यावर, कारण त्याआधी त्यांच्यात दम नव्हता.

पेटीत एकसष्ट कॅसेट होत्या. गाण्यांच्या नव्हेत, गेमच्या. तळहाताएवढ्या, पिवळ्या, काळ्या, लाल. त्या खोक्यात खोचायच्या, खोकं टीव्हीला जोडायचं, आणि चित्र आलं नाही तर कॅसेट काढून तिच्या तोंडात जोरात फुंकर मारायची. फुंकरीने खरंच काही होतं का, हे शास्त्र आजवर कुणी तपासलेलं नाही, पण फुंकर न मारता खेळलेला माणूसही कुणाला भेटलेला नाही. सोबत दोन खोकी होती, वायरींचा गुंता होता आणि रिमोट होते. पेटीच्या झाकणावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं, 'अमीन टीव्ही सेंटर, हडपसर.'

अमीन म्हणजे अरिबाचे अब्बा. टीव्ही दुरुस्तीचं दुकान आणि त्याच दुकानात गेमच्या कॅसेट भाड्याने देणं, असा त्यांचा दुहेरी उद्योग. कॅसेट नेणारी पोरं फार बिलंदर असत. घरी नेऊन कॅसेटचा स्क्रू उघडायचा, आतली चांगली चिप काढून आपल्या बिघडलेल्या कॅसेटची आत बसवायची, आणि दुसऱ्या दिवशी साळसूद चेहऱ्याने परत द्यायची, हा सगळ्या गल्लीचा धंदा. अब्बांनी त्यावर उपाय काढला. प्रत्येक कॅसेटच्या स्क्रूवर ते नेलपॉलिशचा एक ठिपका लावत. स्क्रू फिरवला की ठिपका तडकलाच. मग पोरगं कितीही शपथा घेवो, अब्बा नुसता ठिपका दाखवत आणि चहाचा घोट घेत.

हे सगळं अरिबाने ऐकलेलं. ती जन्मली तेव्हा भाड्याच्या कॅसेटचे दिवस भरत आले होते, आणि ती शाळेत जायला लागली तोवर कॅसेट पेटीत जाऊन पेटी पलंगाखाली गेली होती. तिच्या वाट्याला आला तो फक्त खेळ, आणि खेळायला होती आपा.

शबनम आपा तिच्याहून अकरा वर्षांनी मोठी. घरात अम्मीशी दोघी दखनी उर्दूत बोलत, पण आपसात भांडायला लागल्या की मराठीवर येत, कारण शाळा मराठी आणि चांगले चांगले टोमणे शाळेतच शिकलेले. भांडण नेहमी एकाच गोष्टीवरून. त्या खोक्यांना दोन रिमोट यायचे. पहिल्या रिमोटवर स्टार्टचं बटण असे, दुसऱ्यावर ते बनवणाऱ्याने दिलेलंच नसे. खेळ सुरू करायचा, मध्येच थांबवायचा, सगळा अधिकार पहिल्या रिमोटवाल्याचा. दुसऱ्याने नुसतं खेळायचं. पहिला रिमोट आपाचा, दुसरा अरिबाचा, हा त्या घराचा कायदा होता.

आणि आपा तर सारखी थांबवायची. रणगाड्यांचा खेळ ऐन रंगात यावा, किल्ल्याला शत्रूने वेढा घालावा, अरिबाचा हिरवा रणगाडा अगदी नेम धरून उभा राहावा, आणि आपाने स्टार्ट दाबून उठून जावं. पडद्यावर सगळं जागच्या जागी गोठे. अरिबा फतकल मारून, दातओठ खात त्या गोठलेल्या चित्राकडे बघत बसे. "सारखी काय थांबवतेस गं!" असं ती दिवसातून दहादा ओरडे. मोठी झाल्यावर आपल्याकडे पहिला रिमोट असेल, हे तिने तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

म्हणून वसतिगृहात जायचं ठरलं तेव्हा तिने पेटी पलंगाखालून ओढून काढली. आपाला विचारलं नाही. आपा खराडीच्या एका ऑफिसात कामाला होती, सकाळी आठला जायची आणि संध्याकाळी तिला हातपाय पसरायला तेवढा पलंग पुरायचा. शिवाय मागच्याच महिन्यात पेटीच्या कोपऱ्यावर तिचा अंगठा आपटला होता आणि "या भंगाराचं काहीतरी करा रे," असं ती म्हणालीही होती. अरिबाने ते वाक्य सोयीने लक्षात ठेवलं.

पहिले पंधरा दिवस पेटी उघडलीसुद्धा नाही. खोलीत तिच्याबरोबर मुक्ताई होती, वाशीमकडची, इलेक्ट्रॉनिक्सची. ती अभ्यासू होती आणि कानात कायम काहीतरी घालून बसायची. बाकीच्या मुली आपापल्या पलंगावर आपापला फोन घेऊन आडव्या. मेसमध्ये अरिबा एकटी जेवायची. हडपसरची असून होस्टेलला राहते याचं एकीला नवल वाटलं, आणि "मग वीकेंडला घरी जात असशील ना?" एवढं बोलून तीही उठून गेली. अरिबा वीकेंडला घरी जात नव्हती. घरी दीड खोली होती, आणि पहिल्याच महिन्यात रडवेलं तोंड घेऊन आपासमोर उभं राहायची तिला लाज वाटत होती. आपानेच हे होस्टेल शोधलं होतं, फॉर्म भरला होता, आणि "इथे बसून तुझा अभ्यास होणार नाही, तू जा," असं म्हणून तिला जवळजवळ ढकललं होतं.

मग एका रविवारी दुपारी वीज गेली, मुक्ताईच्या फोनची बॅटरी संपली, आणि तिने पहिल्यांदा खोलीत नजर फिरवली.

"या पेटीत काय हाय वो?" तिने विचारलं.

अरिबाने झाकण उघडलं. मुक्ताई पलंगावरून उतरून खालीच बसली. "अय बाप्पा! माह्या मामाकडे होता हा! मले नव्हता हात लावू देत!"

वीज आल्यावर दोघी कॉमन रूममध्ये गेल्या. तिथे कोपऱ्यात एक जुना डब्बा टीव्ही होता. तो बंद आहे असं गेली चार वर्षं सगळ्यांनी मानलेलं होतं, आणि त्यावर एक प्लॅस्टिकची फुलदाणी ठेवलेली होती. अरिबाने मागचं झाकण उघडून आतली सैल पडलेली वायर दाबून बसवली, अब्बांना बघून बघून तेवढं तिला येत होतं. मुक्ताईने पिना लावल्या. अरिबाने कॅसेटमध्ये फुंकर मारली. टीव्ही कुरकुरला, पडदा आधी राखाडी झाला, मग निळा, आणि मग ती सुरुवातीची टिणटिण अशी वाजली की जिन्यावरून जाणाऱ्या तिघी मुली मागे फिरल्या.

त्यानंतर अरिबाला मेसमध्ये एकटं जेवावं लागलं नाही.

रेक्टर बाईंनी चौथ्या दिवशी सूचना लावली: 'कॉमन रूममधील टीव्ही चालू झाल्याचे समजले. खेळ रविवारी चार ते सहा. जिंकल्यावर किंचाळणे हा खेळाचा भाग नाही.' त्यामुळे रविवार हा सणच झाला. मुली नंबर लावायच्या. अपेक्षा नावाची अमरावतीची मुलगी फळ्यावर गुण मांडायची. कॅसेट कशी फुंकायची याचे अरिबाकडून रीतसर धडे घेतले जात. पहिला रिमोट अर्थातच तिच्या हातात असे. स्टार्ट तीच दाबायची, थांबवायचं तेव्हा तीच थांबवायची, आणि खरं सांगायचं तर ती फार क्वचित थांबवायची. तिला कुठे जायचंच नसे. पेटी हरवू नये म्हणून तिने झाकणावर एक मोठं लेबल चिकटवलं: 'अरिबा, रूम २१४.' ते नेमकं 'अमीन'वर बसलं. तिने दुसरी जागा शोधली नाही.

आता तिला इथे राहावंसं वाटत होतं. आपण कुणीतरी आहोत असं वाटत होतं. आणि हे सगळं त्या पेटीमुळे होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दिवाळीच्या सुट्टीआधी अम्मीचा फोन आला. आपाचं लग्न ठरलं होतं. मुलगा सोलापूरचा, फैझल नावाचा, स्वभावाने शांत, डिसेंबरात निकाह. अरिबा आनंदाने किंचाळली. मग अम्मी म्हणाल्या, "तिला विचारलं, तुला घरातून काय हवं? भांडी, कपाट, काय? ती म्हणाली, काही नको. अब्बांची ती गेमची पेटी तेवढी द्या. आता ती पेटी घरात सापडेना. तू पाहिलीस का गं?"

समोर मुक्ताई वहीत सर्किट काढत बसली होती आणि तिच्या पायाशी पेटी होती.

"नाही अम्मी," अरिबा म्हणाली. "आपाच म्हणत होती ना भंगारात द्या म्हणून. दिली असेल कुणीतरी."

"कुणी देणार? घरात आहे कोण?" अम्मी पुटपुटल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

मुक्ताईने मान वर केली. तिची पेन्सिल थांबली होती. अरिबाने दिवाळीची सुट्टी होस्टेलवर काढली, अभ्यासाचं निमित्त सांगून. रोज ती ठरवायची की आज फोन करून सांगून टाकू, आणि रोज ते उद्यावर जायचं. पेटी दिली तर रविवार जाईल, रविवार गेला तर आपण पुन्हा मेसच्या कोपऱ्यातल्या टेबलावर, हा हिशोब तिच्या डोक्यात पक्का बसला होता. तिला स्वतःची लाज वाटत होती आणि तरी तोंड उघडत नव्हतं.

शेवटी बिंग फुटलं ते अपेक्षाच्या हौसेने. तिने रविवारच्या खेळाचा एक रील केला. त्यात अरिबा एक पिवळी कॅसेट कॅमेऱ्यासमोर धरून ऐटीत सांगत होती, "हे माझं कलेक्शन. एकसष्ट गेम. मी लहानपणापासून जपलंय." रील होस्टेलबाहेरही बराच फिरला. बुधवारी दुपारी आपाच्या नंबरवरून तोच रील अरिबाला आला. आपाने तो थांबवून एक फोटो काढला होता, आणि फोटोत कॅसेटच्या स्क्रूवरच्या गुलाबी ठिपक्याभोवती बोटाने एक गोल काढला होता. खाली चार शब्द होते: 'रविवारी येते. पेटी भर.'

अरिबा त्या रात्री जेवली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

रविवारी साडेतीनला शबनम आपा फाटकावर उतरली. रिक्षा तिने थांबवून ठेवली होती. अंगावर ऑफिसचाच कुर्ता होता, हातात नानकटाईचा पुडा. रेक्टर बाईंनी रजिस्टर पुढे केलं.

"नातं?"

"मोठी बहीण."

"कारण?"

"सामान न्यायचंय."

"सामान आणणारे पालक रोज येतात. नेणाऱ्या तुम्ही पहिल्या," बाई म्हणाल्या. पण आपाचा चेहरा पाहून त्यांनी दोघींना भेटीच्या खोलीत बसवलं आणि त्या बाहेर गेल्या.

अरिबाने पेटी आधीच खाली आणून ठेवली होती. आपा खुर्चीवर बसली. तिने झाकणाकडे पाहिलं, 'अरिबा, रूम २१४' वाचलं आणि नानकटाईचा पुडा बाजूला ठेवला.

"घेतलीस, ते ठीक आहे," आपा म्हणाली. "मागितली असतीस तर मी स्वतः उचलून आणून दिली असती. अम्मीशी खोटं बोललीस, तेही समजू शकते, घाबरलीस. पण तू 'माझं' म्हणालीस, अरिबा. सगळ्या जगासमोर. मी जपलंय म्हणालीस."

"आपा, तूच म्हणालेलीस, भंगार."

"अंगठा लागला होता गं माझा!"

आपाचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. तिने झाकण उघडलं, एक कॅसेट उचलली आणि स्क्रूवरच्या ठिपक्यावरून अंगठा फिरवला.

"हा रंग कुणाचा आहे, माहीत आहे?"

अरिबाने नाही अशी मान हलवली. अम्मीचा असेल, असंच ती आजवर धरून चालली होती.

"माझा. मी नऊ वर्षांची होते. ईदला अब्बांनी मला पहिली नेलपॉलिश आणली होती. एकदाच लावली मी. दुसऱ्या दिवशी त्यांची लाल संपली आणि पोरं कॅसेट न्यायला दारात उभी, मग त्यांनी माझीच बाटली उघडली. मी रडून घर डोक्यावर घेतलं. तेव्हा त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला. म्हणाले, रडतेस काय, तूच लाव. आता प्रत्येक कॅसेटवर तुझी सही. एकसष्टच्या एकसष्ट मी लावल्यात. मला त्या घरातलं दुसरं काही नको होतं, अरिबा. कपाट नको, भांडी नको. नव्या घरी माझं म्हणून हे एवढं हवं होतं."

अरिबा रडायला लागली. तिला सांगायचं होतं की मला माहीत नव्हतं, पण ते सांगून उपयोग नव्हता, कारण तिने कधी विचारलंच नव्हतं. ती खाली बसली आणि नखाने लेबल खरवडायला लागली. ते चांगलं चिकटलं होतं. नखाला रंग लागत गेला, 'अ' दिसला, मग 'मी'. आपाने तिचा हात धरून बाजूला केला.

"राहू दे. अब्बांचा रंग निघेल. मी घरी तेल लावून काढते."

"एक कॅसेट वर लावलेली आहे," अरिबा नाक पुसत म्हणाली. "खोकं आणि रिमोटही. चारला खेळ असतो ना. मी मुलींना सांगितलं नाही अजून. आणते काढून."

"चल, मी येते. एवढ्या वायरी तुला नीट गुंडाळता येत नाहीत."

कॉमन रूममध्ये पंधरा-वीस मुली जमिनीवर बसून वाट बघत होत्या. अपेक्षा फळ्यावर नावं लिहीत होती. टीव्ही चालू होता आणि पडद्यावर रणगाड्यांचा खेळ सुरू व्हायची वाट बघत लुकलुकत होता. आपा दारातच थबकली. त्या आवाजाने तिच्या चेहऱ्यावरचं सगळं बदललं. ती किती दमलेली आहे, हे अरिबाला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं.

"ही माझी आपा," अरिबा सगळ्यांना म्हणाली. आवाज फुटत होता, तरी ती म्हणाली. "कलेक्शन हिचं आहे. माझं नाही. रीलमध्ये मी खोटं सांगितलं. आज ती घेऊन जाणार आहे."

मुक्ताई उठली, सतरंजीवरची पुढची जागा हाताने झटकली आणि म्हणाली, "न्या ना ताई. पण एक डाव खेळून जा. आमच्यातलं कोणी तिसऱ्या किल्ल्याच्या पुढं गेलं नाही अजून."

आपा हसली. "तिसरा? तिसरा तर मी कुकरच्या दोन शिट्ट्यांत करायचे."

ती सतरंजीवर बसली. अरिबाने तिच्यासमोर पहिला रिमोट धरला, सवयीनेच, न सांगता. आपाने त्याच्याकडे पाहिलं आणि हात पुढे करून दुसरा उचलला.

"ताई, त्याले स्टार्ट नाही," मुक्ताई म्हणाली.

"माहीत आहे," आपा म्हणाली. "म्हणून तर."

अरिबाला काही कळलं नाही. आपाने पाय दुमडून मांडी घातली, रिमोट मांडीवर ठेवला आणि पडद्याकडे बघतच ती बोलत राहिली, जणू कुणाला उद्देशून नाही. "तू ओरडायचीस, सारखी काय थांबवतेस. आठवतं? कुकर असायचा. दारात दूधवाला असायचा. नंतर नंतर अब्बांना कुशीवर वळवायचं असायचं. त्यांचा तो एकच हात चालायचा ना, तो ते हलवायचे, मी स्टार्ट दाबायचे. परत येईपर्यंत मला आठवायचं नाही आपण कुठून कुठे निघालो होतो. तुझा रिमोट बघून मला वाटायचं, हिचं बरं आहे. हिला नुसतं खेळायचंय."

अब्बांना लकवा झाला तेव्हा आपा एकोणीस वर्षांची होती. तिचा डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला थांबला, तो अब्बा गेल्यावरही परत सुरू झालाच नाही. हे अरिबाला माहीत होतं, लहानपणापासून माहीत होतं, जशी घरातल्या भिंतीची भेग माहीत असते. पण ते गोठलेलं चित्र आणि पलीकडच्या खोलीत अब्बांना वळवणारी आपा, या दोन गोष्टी तिने आजवर कधी एकत्र पाहिल्या नव्हत्या. स्टार्टवर अंगठा ठेवून ती तशीच बसून राहिली.

"लाव ना गं," आपा म्हणाली.

अरिबाने स्टार्ट दाबलं.

आपा विसरली नव्हती. पहिला किल्ला मुलींना टाळ्या वाजवायलाही वेळ न देता पार झाला. दुसऱ्याला अरिबाचा रणगाडा विटांमागे अडकला आणि आपाने तिला अशी काही वाट काढून दिली की अपेक्षा खडू हातात घेऊन उभीच राहिली. तिसऱ्याला खोलीतलं कुणी बसलेलं उरलं नाही. आपाची ओढणी खांद्यावरून घसरली होती, जीभ दातांत होती, आणि ती रणगाड्याबरोबर स्वतःही डावी-उजवीकडे झुकत होती. लग्नाला सव्वा महिना राहिलेली, घराचं ओझं दहा वर्षं वाहिलेली बाई आहे, असं कुणी म्हणालं नसतं.

चौथा किल्ला लागला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेला तिचा फोन वाजला. त्यावर 'अम्मी' दिसत होतं.

आपाचा अंगठा आपोआप रिमोटच्या मध्यभागी गेला. तिथे बटण नव्हतं. ती अरिबाकडे वळली, "थांबव," म्हणणारच होती, ओठ तसे झालेही होते. किल्ल्यावर तीन बाजूंनी शत्रू येत होता.

अरिबाने स्टार्ट दाबलं नाही. तिने पहिला रिमोट जमिनीवर ठेवला आणि ती उठली. तिचा रणगाडा उघड्यावर उभा होता तसाच राहिला.

"तू खेळ," ती म्हणाली. "मी बघते."

मागून धडाम असा आवाज आला. तिचा रणगाडा उडाला होता. मुली ओरडल्या, पण आपाचा रणगाडा चालू होता, आणि तो एकटाच किल्ल्याकडे धावत सुटला.

अरिबा फोन घेऊन व्हरांड्यात आली. खाली फाटकापाशी रिक्षा उभी होती. गेनबांनी वर बघून हाताने विचारलं, काय सांगू त्याला? अरिबाने हात हलवून खूण केली, जाऊ दे. मग तिने फोन कानाला लावला.

"शब्बो," अम्मी पलीकडून घाईने बोलत होत्या, "ते गॅसवाले आलेत, ते पुस्तक कुठे ठेवलंयस? आणि पेटी मिळाली का? आणि येताना माझ्या गोळ्या..."

"अम्मी, मी अरिबा. पुस्तक फ्रीजवरच असतं, डब्याखाली. गोळ्या मी घेऊन येते, मी येतेय आज आपाबरोबर. पेटी मिळाली. माझ्याकडे होती. मी तुमच्याशी खोटं बोलले."

पलीकडून अम्मींचा गॅसवाल्याशी काहीतरी बोलल्याचा आवाज आला, मग पावलं, मग पुन्हा त्यांचा श्वास.

"शब्बोला दे."

"नाही देत," अरिबा म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "जे काय काम असेल ते मला सांगा. आपा खेळतेय."

आतून आपाची किंकाळी आली, आणि तिच्यामागून वीस मुलींची. जिन्याखाली दार उघडल्याचा आवाज झाला. रेक्टर बाई घड्याळ बघत वर आल्या, कॉमन रूमच्या दारात उभ्या राहिल्या, आत पाहिलं, आणि दार हळूच लोटून परत गेल्या.

"खेळतेय?" अम्मींनी विचारलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "खेळू दे. घाई नाही म्हणावं."